तीन बकरीद थांबा

आमच्या अवसरी बुद्रुकमध्ये फुटबॉलचं कुणी फारसं नाव काढत नाही. पोरं क्रिकेट खेळतात, मोठी माणसं बैलगाडा शर्यतीच्या घाटावर जातात आणि उरलेला वेळ कांदा-बटाट्याच्या भावाची चर्चा करण्यात जातो. तरीही आमच्या घरात फुटबॉल शिरला. आमचं घर फुटता फुटता राहिलं, त्यात त्याचाही थोडा हात आहे, म्हणून हे लिहितो आहोत. आम्ही म्हणजे दोघे भाऊ आणि एक बहीण. लिहायचं आहे ते थोरल्या भाईंबद्दल, त्यामुळे त्यांना विचारलेलं नाही.

अब्बा मरहूम टेम्पो चालवायचे. मंचरच्या बाजार समितीतून कांदा भरायचा आणि रात्रीतून पुण्याच्या मार्केट यार्डात उतरवायचा, हे त्यांचं काम. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि पुण्याला एफसी पुणे सिटी नावाचा क्लब आला. १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रान्सच्या संघातला डेव्हिड ट्रेझेगे पुण्याकडून खेळणार, हे पेपरात वाचून आम्ही अब्बांच्या मागे लागलो. एके दिवशी माल उतरवल्यावर त्यांनी रिकामा टेम्पो घराकडे न वळवता बालेवाडीला नेला. आमच्या कपड्यांना कांद्याचा वास येत होता आणि आजूबाजूला सगळं केशरी दिसत होतं. त्या दिवसापासून आम्ही पुण्याचे झालो.

पण पुण्याचा संघ काही पुण्याचा होऊन राहीना. पहिल्या वर्षी इटलीचे फ्रँको कोलोंबा प्रशिक्षक होते. दुसऱ्या वर्षी इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट आले, तिसऱ्या वर्षी स्पेनचे अंतोनियो हबास. चौथ्या वर्षी सर्बियाचे रँको पोपोविच आले आणि संघ पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचला. मार्च २०१८ मध्ये बालेवाडीत बंगळुरूला ०-० असं रोखलं, पण परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीने तीन गोल मारले आणि आपण ३-१ हरलो. आम्ही म्हटलं, हरकत नाही, आता घडी बसली आहे. पुढच्या हंगामाला पाहतो तर पोपोविच नाहीतच! मिगेल पोर्तुगाल आले, थोड्याच सामन्यांत गेले, प्रद्युम रेड्डींनी काही दिवस सांभाळलं आणि मग फिल ब्राऊन आले.

अब्बा दर वेळी एकच म्हणायचे, "दरवर्षी गवंडी बदलला तर घर कधी उभं राहायचं?"

खरं सांगायचं तर गवंडी बदलायची घाई आम्हालाही असायची. दोन सामने हरले की घरी परतताना चाकणच्या ट्रॅफिकमध्ये आम्हीच ओरडायचो, "हाकला याला!" अब्बा गिअर टाकत गप्प बसायचे.

२०१८ च्या पावसाळ्यात अब्बा गेले. मागे टेम्पोचे हप्ते, सोसायटीचं पीककर्ज, तीन एकर जमीन आणि आम्ही चौघं भावंडं. अम्मीने चाव्या भाईंच्या हातात दिल्या. त्यांचं वय तेव्हा सव्वीस.

वर्षभर भाईंनी अब्बांचाच रस्ता धरला. मग २०१९ मध्ये एका संध्याकाळी सांगितलं, "टेम्पो विकतोय. जे हप्ते राहतील ते फेडू. शेळ्या घ्यायच्या. बंदिस्त गोठा, उस्मानाबादी जात. बोकड बकरीदला विकायचे."

अब्बांचा टेम्पो विकायचा, हे ऐकूनच आम्हाला कसंतरी झालं. त्याच वर्षी पुण्याचा क्लबही बंद पडला. लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसी या नव्या क्लबला मिळाली आणि प्रशिक्षकासह बरेच खेळाडू तिकडे गेले. टेम्पो गेला, बालेवाडी गेली. आम्हाला वाटलं, अब्बांचं होतं ते सगळंच निघालं.

भाईंचं पहिलं वर्ष वाईट गेलं. त्यांनी बाहेरून आणलेल्या शेळ्या थेट जुन्या शेळ्यांत सोडल्या. नवीन जनावर काही दिवस वेगळं बांधावं, पीपीआरची लस आधी टोचून घ्यावी, हे त्यांना नंतर कळलं. नऊ करडं मेली. मग हिवाळ्यात बिबट्या आला. आपल्याकडे जुन्नर-आंबेगावात ऊस तिथे बिबट्या, हे लहान पोरही सांगेल. गोठ्याला भिंत होती, वर जाळी नव्हती. एका रात्रीत चार शेळ्या गेल्या. वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला. अम्मी दोन दिवस जेवली नाही.

आणि मग २०२० उजाडलं. त्या वर्षी बकरीद १ ऑगस्टला होती. जनावरांचे बाजार बंद, कुर्बानी शक्यतो प्रतीकात्मक करावी आणि खरेदी ऑनलाइन किंवा फोनवरून करावी, असं सरकारने सांगितलं होतं. साथच तशी होती, दोष कुणाला द्यायचा? पण आमच्या गोठ्यात विकायचे अकरा बोकड होते. फोनवर तीन गेले. ईदच्या दिवशी आठ बोकड गोठ्यात उभे होते आणि चारा संपत आला होता.

त्या रात्री घरात न बोलायचं ते बोललं गेलं. आमच्यातला एक म्हणाला, "वाटण्या करू. ज्याचा त्याचा हिस्सा ज्याला त्याला." बहिणीच्या नर्सिंगच्या कॉलेजची फी भरायची होती, ती म्हणाली, "माझ्या शिक्षणाचे पैसे शेळ्यांनी खाल्ले." भाई काहीच बोलले नाहीत. उठून गोठ्यात जाऊन बसले.

अम्मीने आम्हाला रागावलं नाही. तिने भाईंना परत बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तुला किती वेळ पाहिजे?"

भाईंनी जमिनीवर बोटाने हिशेब मांडला. शेळी गाभण गेल्यापासून पाच महिन्यांनी विते. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पूर्ण झालेला लागतो. म्हणजे आज केलेल्या कामाचा पैसा सतरा महिन्यांनी दिसणार, आणि तोही बकरीद कधी येते त्यावर. "पुढच्या ईदला माझ्याकडे फार काही नसेल," ते म्हणाले. "त्याच्या पुढच्या ईदला असेल. कर्जाचं बोलायचं तर तिसऱ्या ईदला बोलू."

अम्मी म्हणाली, "ठीक. तीन बकरीद थांबा. तोवर वाटणीचा शब्द या घरात नको. पण तूही ऐक. दर जुम्म्याला वही चटईवर उघडी ठेवायची. किती जन्मली, किती मेली, किती खर्च झाला, सगळं. आणि हे जे विचारतील त्याचं उत्तर द्यायचं."

सब्र हा शब्द आपल्या घराघरांत आहे. कुणाचं काही बिघडलं की आपण तो पटकन वापरतो, आणि पुष्कळदा त्याचा अर्थ 'आता गप्प बसा' एवढाच असतो. अम्मीने त्याला मुदत दिली आणि वही दिली.

त्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा फुटबॉल पाहू लागलो. साथीमुळे सगळे सामने गोव्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये होत होते. हैदराबादचा संघ आम्ही थोड्या रागानेच पाहायचो, कारण आमची जागा घेऊन बसलेला तो संघ. पहिल्या हंगामात १८ सामन्यांत फक्त १० गुण मिळवून तो तळाला राहिला होता. आता तिथे मनोलो मार्केझ नावाचे स्पॅनिश प्रशिक्षक आले होते. त्यांनी अठरा-एकोणीस वर्षांच्या आकाश मिश्राला, त्याच्याहून थोड्या मोठ्या आशिष रायला रोज खेळवायला सुरुवात केली. पोरं चुकायची, पण पुढच्या सामन्यात पुन्हा तीच पोरं मैदानात दिसायची. आमच्यातला एक म्हणाला, "यांची करडं अजून वर्षाची व्हायची आहेत." भाई बऱ्याच दिवसांनी हसले.

त्या हंगामात हैदराबाद पाचवं आलं. शेवटचा सामना गोव्याशी ०-० सुटला आणि पहिल्या चारांतली जागा हुकली. पुणे असतं तर प्रशिक्षक गेलाच असता. इथे क्लबने मार्केझ यांचा करार वाढवला. तळापासून पाचव्यापर्यंत आलेला संघ कुठे चालला आहे, हे पाहणाऱ्यालाही दिसत होतं. आमच्या वहीतही तेच झालं. २०२१ च्या ईदला पैसा थोडाच आला, पण त्या वर्षी करडं फक्त दोन मेली होती. गोठ्यावर जाळी होती, नवीन जनावर वेगळं बांधलं जात होतं. चुका होत होत्या, पण जुनी चूक पुन्हा होत नव्हती.

२० मार्च २०२२ ला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर अंतिम सामना झाला. समोर केरळ ब्लास्टर्स, आणि स्टेडियम त्यांच्या पिवळ्या रंगाने भरलेलं. केरळने गोल केला. सामना संपायला दोनच मिनिटं असताना गोव्याच्या साहिल तावोराने लांबून फटका मारून बरोबरी केली. मग पेनल्टी आल्या. हैदराबादच्या गोलात उभा होता लक्ष्मीकांत कट्टीमनी, तोही गोव्याचाच. २०१५ साली याच मैदानावर, याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, तो गोव्याकडून खेळताना चेंडू त्याच्याच हातून आपल्या जाळ्यात गेला होता आणि गोवा २-३ हरला होता. सव्वासहा वर्षांनी त्याने त्याच मैदानावर तीन पेनल्टी अडवल्या. हैदराबाद ३-१ जिंकलं. ज्याला पूर्वीच टाकून द्यायचं, त्याला ठेवलं तर काय होतं, हे आम्ही त्या रात्री पाहिलं. भाई तेव्हा गोठ्यात होते, एक शेळी वीत होती. आम्ही धावत जाऊन त्यांना सांगितलं.

हैदराबादला अशी गोष्ट नवी नाही, हे नंतर कळलं. २०२४ च्या रमजान ईदला 'मैदान' चित्रपट आला, तो आम्ही अम्मीसोबत पाहिला. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. त्यांचा भारतीय संघ १९५१ ला दिल्लीत आशियाई खेळांचं सुवर्ण जिंकला, आणि पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. आपले बरेच खेळाडू तिथे अनवाणी खेळले होते. आजच्या काळात दहा गोल खाल्ल्यावर प्रशिक्षकाला कोण ठेवील? रहीम साहेब राहिले. खेळाडूंच्या पायात बूट आले, खेळ बदलला, आणि १९५६ ला मेलबर्नमध्ये भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला. तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा नेव्हिल डिसोझा मुंबईचा होता. १९६२ ला जकार्तात पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी ०-२ हरूनही, अंतिम सामन्यात त्याच कोरियाला २-१ हरवून सुवर्ण मिळालं. रहीम साहेब तेव्हा कॅन्सरने आजारी होते, पुढच्या वर्षी जूनमध्ये त्यांचा इंतकाल झाला. चित्रपट संपल्यावर अम्मी एवढंच म्हणाली, "दहा वर्षं दिली लोकांनी. आणि त्यानंही घेतलेली फुकट घालवली नाहीत."

धाकट्याला इंग्लंडच्या आर्सेनलचं वेड आहे. योगायोग असा की ज्या रात्री आमच्या घरात वाटणीचा शब्द निघाला, त्याच रात्री आर्सेनलने एफए कप जिंकला होता. तरी लीगमध्ये ते दोन वर्षं लागोपाठ आठवे आले. ऑगस्ट २०२१ मध्ये पहिले तीन सामने हरून तळाला गेले, तेव्हा मिकेल आर्तेताला काढा म्हणून धाकटाही ओरडत होता. क्लबने काढलं नाही, आणि २०२३ पासून सलग तीन हंगाम संघ दुसरा आला. धाकटा म्हणतो, दुसरा म्हणजे पहिला नव्हे. खरंच आहे. थांबलं की कप मिळतोच, असं कुणी लिहून दिलेलं नाही.

उलटही होतं, तेही सांगितलं पाहिजे. मार्केझ २०२३ ला हैदराबाद सोडून गोव्याला गेले. हैदराबादच्या क्लबात पगार थकले, खेळाडू निघून गेले, आणि २०२३-२४ मध्ये तोच विजेता क्लब पुन्हा तळाला गेला. प्रेक्षक कितीही सब्र करोत, आतला हिशेब साफ नसेल तर तो सब्र वाया जातो. अम्मीने वही का मागितली, ते आम्हाला तेव्हा नीट समजलं.

आमचं म्हणाल तर २०२२ च्या ईदला सगळे बोकड गेले. २०२३ ला, म्हणजे ठरलेल्या तिसऱ्या ईदनंतर, टेम्पोचं राहिलेलं देणं फिटलं. बहिणीचं नर्सिंग एक वर्ष उशिरा का होईना, पूर्ण झालं. सोसायटीचं कर्ज अजून निम्मं बाकी आहे. गेल्या पावसाळ्यात पुन्हा दोन शेळ्या आजाराने गेल्या. भाई काही जादूगार नाहीत, आणि आम्ही अजूनही कधीकधी त्यांच्यावर चिडतो.

त्या रात्री भाई उठून गोठ्यात गेले, तेव्हा आमच्यापैकी कुणीही त्यांच्या मागे गेलं नाही. ही गोष्ट आम्ही त्यांच्याकडे कधी बोललो नाही. ती इथे लिहिली आहे, ते वाचतील.

तीन बकरीद होऊन गेल्या, मुदत संपली. वाटणीचं कुणी काढलं नाही. जुम्म्याची नमाज झाली, जेवणं झाली, की वही अजूनही चटईवर येते. या आठवड्यात तिच्यात तीन करडं वाढली आहेत.