मुळाशी तेल, टोकाशी काथ्या

केसांवरचा लेख दिसला की पान उलटून पुढे जाणाऱ्या भगिनी असतील. दुपट्ट्याखाली झाकलेल्या केसांवर एवढं काय लिहायचं, असं आमच्या घरातही कुणीतरी म्हणालंच. पण झाकलेल्या गोष्टीची निगा राखायची नसते, असं थोडंच आहे? ज्याला केस आहेत त्याने त्यांचा मान राखावा, या अर्थाची प्रेषितांची (सल्ल.) शिकवण अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आली आहे. त्यात झाकलेले केस आणि उघडे केस असा भेद नाही.

लातुरातल्या आमच्या घरात दादी, आम्ही दोघी जावा आणि तीन मुली अशा सहा जणी आहोत. थोरली जाऊ चिपळूणची, धाकटी इथलीच. सहापैकी चौघींची तक्रार एकच होती. आज केस धुतले की उद्या संध्याकाळी मुळाशी तेलकट आणि चिकट होतात. त्याच केसांचं टोक मात्र काथ्यासारखं कोरडं, दुभंगलेलं, कंगव्यात अडकून तुटणारं. दादींचं म्हणणं, "केस भुकेले आहेत, डोक्यावर तेल जिरवा." मुली म्हणायच्या, "दादी, तेल आधीच गळतंय, आणखी कुठे घालू?" आणि त्या रोज शॅम्पूने वेणीच्या टोकापर्यंत खसाखसा धुवायच्या. तेल घातलं की मूळ बिघडायचं, शॅम्पू लावला की टोक बिघडायचं.

त्यातच एका पार्लरमध्ये थोरल्या मुलीला ऐकावं लागलं, "स्कार्फ घालता ना तुम्ही, म्हणूनच असं होतं." मुलगी अकरावीतली. घरी येऊन गप्प बसली आणि रात्री म्हणाली, "मला केस मानेपर्यंत कापायचेत." दादी रागावल्या. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण पाळी संपल्यावर ही मुलगी गुसल लांबवते, हे आमच्या लक्षात आलं. सकाळी एवढे केस धुवायचे कधी, वाळवायचे कधी आणि कॉलेजला निघायचं कधी, म्हणून गुसल संध्याकाळवर जायचं आणि मधल्या नमाजा सुटायच्या. तेव्हा हा नुसता केसांचा प्रश्न राहिला नाही.

म्हणून आम्ही आधी केस म्हणजे काय ते समजून घेतलं. डोक्याच्या कातडीत प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्या किती तेल सोडणार, हे मुख्यतः शरीरातल्या संप्रेरकांवर ठरतं. वयात येताना त्या जोरात कामाला लागतात, बाईचं वय उतरू लागलं की मंदावतात. दादींच्या डोक्याला तेल हवंहवंसं वाटतं आणि नातीच्या डोक्यावर तेच तेल थापल्यासारखं बसतं, याचं कारण एवढंच. दोघी आपापल्या डोक्यापुरत्या खऱ्या होत्या.

आता टोकाकडे बघा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे दोन फुटांच्या वेणीचं टोक जवळजवळ पाच वर्षांचं असतं. अकरावीतल्या मुलीच्या वेणीचं टोक ती सहावीत असताना मुळातून बाहेर आलेलं आहे. तेव्हापासून त्याने लातूरचे पाच उन्हाळे सोसले, शेकडो वेळा कंगवा खाल्ला, रबरबँडचे पीळ आणि बोअरचं जड पाणी सोसलं. केसावर माशाच्या खवल्यांसारखं बारीक आवरण असतं, ते टोकाशी झिजून जातं. मुळाशी सुटलेलं तेल एवढ्या लांबवर पोचत नाही, कुरळ्या केसांत तर आणखीच कमी. मूळ नवं आणि ओलसर, टोक जुनं आणि सुकलेलं. एकाच केसाच्या या दोन वयांना एकच औषध कसं चालेल?

स्कार्फचं काय? स्कार्फमुळे तेल तयार होत नाही. उलट ऊन आणि धूळ यांपासून तो केसांना वाचवतो. नुकसान होतं ते आपल्या घाईमुळे. ओले केस तसेच गुंडाळून वर स्कार्फ बांधला की आत दमट राहतं, वास येतो, खाज सुटते. ओला केस ताणला की लवकर तुटतो. अंबाडा रोज एकाच जागी घट्ट ओढून बांधला तर कपाळावरचे आणि कानशिलाजवळचे केस विरळ होत जातात. सतत ताण पडून केस गळण्याला डॉक्टर ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. स्कार्फच्या आतली टोपी चार-चार दिवस तीच वापरली तर धुतलेल्या डोक्याला जुना घाम आणि तेल पुन्हा लागतं. आता आमच्याकडे प्रत्येक मुलीच्या तीन सुती टोप्या आहेत, रोज एक धुवायला पडते. अंबाडा कधी मानेवर, कधी थोडा वर, आणि घरी आल्यावर सैल वेणी.

धुण्याची रीतही बदलली. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्याने या शहराला बादलीचा हिशेब शिकवला. प्रेषित (सल्ल.) साधारण एक साअ, म्हणजे सुमारे अडीच-तीन लिटर पाण्यात गुसल करीत, असं हदीसमध्ये येतं. ते वाचताना तो उन्हाळा आम्हाला आठवतो. पाणी थोडं असेल तर ते कुठे घालायचं हे ठरवावं लागतं. केस धुताना नेमकं तेच ठरवायचं आहे.

शॅम्पू हा शब्द आपल्याकडच्या चांपण्यावरून, चंपीवरून इंग्रजीत गेला. पाटण्यात 1759 साली जन्मलेल्या शेख दीन मोहम्मद यांनी इंग्लंडातल्या ब्रायटन शहरात हमाम चालवला आणि तिथल्या लोकांना ही चंपी माहीत करून दिली. म्हणजे मूळचा अर्थच चोळणं हा. आणि चोळायचं ते डोकं, वेणी नव्हे. हे एवढं ध्यानात ठेवलं तरी अर्धं काम होतं.

आमच्याकडे आता असं चालतं. केस कोरडे असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता सोडवायचा. आधी टोक, मग मधला भाग, शेवटी मूळ. धुण्याच्या तासभर आधी किंवा आदल्या रात्री कानाच्या खालच्या केसांना अर्धा चमचा खोबरेल तेल लावायचं. डोक्याच्या कातडीला नाही. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी वाहून जातं, असं मुंबईतल्या संशोधकांनी 2003 साली दाखवलं. ते संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते हे खरं. पण चिपळूणच्या जावेला त्या संशोधनाआधीही खोबरेलावरच भरवसा होता.

मग तांब्याभर पाण्यात थोडा शॅम्पू मिसळून तो डोक्यावर ओतायचा आणि बोटांच्या पेरांनी हळू चोळायचं. नखं लावायची नाहीत. खाली वाहणारा फेस वेणीला पुरतो, वेणी वेगळी घासायची गरज नाही. शिकेकाई-रिठा वापरत असाल तरी नियम हाच, कारण तेही तेल ओढून घेतात. फक्त पाणी नीट गाळून घ्या आणि डोळ्यांत जाऊ देऊ नका. अंगाचा साबण डोक्याला नको. बोअरच्या जड पाण्यात त्याचा पांढरा थर केसांवर बसतो आणि ते राठ होतात. शेवटचा तांब्या नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा मिळाला तर उत्तम.

कंडिशनर लावायचं तेही कानाच्या खालीच, दोन मिनिटं ठेवून धुऊन टाकायचं. ते परवडत नसेल तर ओलसर टोकांना तळहातावर चोळलेले तेलाचे दोन थेंब पुरतात. खरबरीत टॉवेलने खसखसून पुसण्याऐवजी जुन्या सुती ओढणीत केस दाबून पाणी टिपायचं.

किती दिवसांनी धुवायचे? तेलकट डोक्याला एक दिवसाआड धुतलं तरी बिघडत नाही. फक्त टोकांना त्यातून सांभाळायचं. दादींना आठवड्यातून एकदा पुरतं आणि त्या मुळाशी तेल लावतात, ते त्यांना मानवतं. मात्र ज्या डोक्यात कोंडा आहे तिथे तेल मुरवत बसू नका. कोंड्याशी संबंध असलेली एक बुरशी कातडीवरच्या तेलावरच जगते. पिवळसर चिकट पापुद्रे, सतत खाज, चट्ट्यासारखं टक्कल किंवा अचानक मुठीने केस जाणं, यांपैकी काही असेल तर घरगुती उपाय थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. तेलकटपणासोबत चेहऱ्यावर मुरुमं, हनुवटीवर केस आणि पाळी अनियमित असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावं. तिथे शॅम्पू बदलून उपयोग नाही.

राहिला कापण्याचा वाद. दुभंगलेलं टोक कोणत्याही तेलाने किंवा कंडिशनरने पुन्हा जुळत नाही. ते थोडा वेळ गुळगुळीत दिसतं एवढंच. न कापल्यास चीर वर सरकत जाते. दादींना भीती होती की केस कापणं हे आपल्यात बसत नाही. आम्ही त्यांना सांगितलं की प्रेषितांच्या (सल्ल.) पत्नी आपले केस कानांपर्यंत येतील इतके कमी करीत, अशी रिवायत सहीह मुस्लिममध्ये आहे. ते प्रेषितांच्या (सल्ल.) पश्चात होतं, असं अनेक उलमा सांगतात. पुरुषांसारखं दिसण्यासाठी कापणं वेगळं आणि निगा राखण्यासाठी कमी करणं वेगळं. शिवाय दादी स्वतः उमऱ्याला जाऊन बोटाच्या पेराएवढे केस कापून आल्याच होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग चार बोटं काप, पण मानेपर्यंत नको." मुलीने मान्य केलं. आता तीन महिन्यांनी आम्ही घरीच धारदार कात्रीने अर्धा इंच टोक काढतो. कापल्याने मुळाशी वाढ जोरात होत नाही, पण तुटणं थांबतं, म्हणून केस लांब राहतात.

आणि गुसल. मुलींना नीट सांगायची गोष्ट खरी हीच. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी प्रेषितांना (सल्ल.) विचारलं होतं की मी वेणी घट्ट बांधते, जनाबतच्या गुसलसाठी ती सोडावी का? नाही, डोक्यावर तीन ओंजळी पाणी घालून मग अंगावर पाणी घेतलं तरी पुरे, असं त्यांना उत्तर मिळालं. चौदाशे वर्षांपूर्वी एका बाईने केसांची अडचण संकोच न करता विचारली आणि तिला सवलत मिळाली. हनफी मसलकात पाणी मुळांपर्यंत पोचलं तर बाईने वेणी सोडणं आवश्यक नाही, आणि पाळीनंतरच्या गुसललाही हेच लागू आहे. आमची चिपळूणची जाऊ शाफई. त्यांच्याकडे पाणी केसांच्या आतपर्यंत पोचायला हवं, वेणी सोडल्याशिवाय पोचत नसेल तर ती सोडावी. आपापल्या आलिमांना विचारून घ्यावं. पण शॅम्पू, कंडिशनर आणि दोन तास वाळवणं ही गुसलची अट कुठल्याच मसलकात नाही. पाक होण्यासाठी पाणी लागतं. साबण लावून धुणं सुटीच्या दिवशी करता येतं.

आमच्या मुलीला हे कळलं तेव्हा तिने विचारलं, "हे आधी कुणी का सांगत नाही?" तिचा प्रश्न रास्त आहे. आपण मुलींना गुसलचे फर्ज पाठ करायला लावतो, पण लांब केस घेऊन थंडीच्या पहाटे ते निभवायचे कसे, हे सांगत नाही. मग मुलगी एकटीच मार्ग काढते. कधी नमाज पुढे ढकलते, कधी ओल्या केसांवर स्कार्फ बांधून निघते, कधी स्कार्फलाच दोष देऊ लागते.

अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत केस विंचरण्याबद्दलही शिकवण आहे. रोज त्यातच गुंतून राहू नये, एक दिवसाआड करावं, असा तिचा आशय आहे. केसांचा मान राखायचा, पण सगळा दिवस त्यांना द्यायचा नाही. आमच्या घरात आता केसांवर आठवड्याला फार तर दोन तास जातात आणि खर्च पूर्वीपेक्षा कमी झाला आहे, कारण बाटल्या कमी लागतात. तेल टोकाला, शॅम्पू मुळाला, एवढं धाकट्या नातीलाही पाठ झालंय.

मुलगी वयात येईल तेव्हा तिला गुसल शिकवाल, त्याच दिवशी केस कसे धुवायचे आणि कसे वाळवायचे हेही शिकवा. दोन्ही गोष्टी एकाच तोंडून, एकाच वेळी ऐकलेल्या असल्या की इन्शाअल्लाह एकीमुळे दुसरी अडणार नाही.