मुलाम्याच्या पाठीमागे

सोन्याचा मुलामा दिलेली मूर्ती मला कधी भावत नसे. करुणा म्हटली की डोळ्यांपुढे यायचा तो अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आणि कान्हेरीचा अकरा मुखांचा अवलोकितेश्वर. करुणेचा हाच बोधिसत्त्व चीनमध्ये ग्वानयिन झाला. त्याच्या छोट्या ब्राँझमूर्तींत तो असा दिसतो: वीतभर उंचीचा, मुकुटात तांदळाएवढा अमिताभ बुद्ध, एका हातात वाळुंजाची फांदी, दुसऱ्यात कमंडलू. सगळे चकचकीत सोनेरी. श्रीमंतांच्या देवघरातली शोभा, यापलीकडे मी त्याला काही मानत नव्हतो. आज तसे मानत नाही.

मत बदलले ते या मूर्तींची पाठ पाहून. चीनमधल्या उत्तर वेई राजवटीच्या काळातल्या कित्येक मूर्तींच्या प्रभावळीमागे किंवा बैठकीवर मजकूर कोरलेला असतो. मूर्ती कधी घडवली, कोणी, कोणासाठी. गेलेल्या आईवडिलांसाठी, सात पिढ्यांच्या पूर्वजांसाठी, सर्व प्राणिमात्रांसाठी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ५२४ सालचा सोनेरी मैत्रेय, म्हणजे भावी बुद्ध, आहे; भोवती बोधिसत्त्वांचा परिवार. एका बापाने तो आपल्या गेलेल्या मुलासाठी करवून घेतला. हे कळल्यावर त्या सोन्यात मला श्रीमंती दिसेनाशी झाली.

आणि सोने असते तरी किती! पाऱ्यात सोने कालवून तो लगदा ब्राँझवर फासायचा आणि मूर्ती तापवायची. पारा उडून जातो, सोन्याचा पातळ थर तेवढा उरतो. मग तो घोटून चमकवायचा. पाऱ्याची विषारी वाफ मात्र कारागिराच्या छातीत जायची.

राहिला या मूर्तींच्या लहान आकाराचा प्रश्न. त्या लहान होत्या म्हणूनच वाचल्या. ८४५ साली तांग सम्राट वूझोंगने बौद्ध धर्मावर वरवंटा फिरवला. ४,६०० हून अधिक विहार मोडले, अडीच लाखांवर भिक्षू-भिक्षुणींना संसारात परत धाडले, ब्राँझच्या मूर्ती वितळवून नाणी पाडली. घराघरांतल्या मूर्तीही जमा करण्याचा हुकूम निघाला. पुरुषभर उंचीची मूर्ती लपवणार कुठे? वीतभर बोधिसत्त्व बाहीत मावतो, अंगणात पुरता येतो. तांग काळच्या मोठ्या ब्राँझमूर्ती आज जवळपास नाहीतच. लहान मात्र जगभरच्या संग्रहालयांत आहेत.

म्हणून संग्रहालयांना माझी विनंती आहे: या मूर्ती भिंतीला टेकवून ठेवू नका, मागे आरसा लावा आणि कोरलेल्या मजकुराचा अर्थ शेजारी लिहा. आणि वाचकहो, अशी मूर्ती पाहायला गेलात तर कपाटाला वळसा घालून ती मागूनही जरूर पाहा.