सिस्टर व्हायचंय तिला!

बारावीचा निकाल लागला की आमच्या भागात एक प्रश्न घरोघर फिरतो आणि शेवटी माझ्यापाशी येऊन थांबतो. "बाई, पोरगी नर्सिंगले जातो म्हणते. घालू का?" मी आरोग्यसेविका म्हणून नोकरीला लागले तेव्हा आमचा भाग अकोला जिल्ह्यात होता, वाशीम वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. निवृत्त झाले २०२४ साली. एवढ्या वर्षांची ओळख, म्हणून बाया विचारायला येतात, आणि मीही चहाचं आधण ठेवते.

माझं उत्तर 'घाला' असंच असतं. पण त्याआधी मी एक उलटा प्रश्न विचारते, "कोर्स संपल्यावर पोरीचं नाव कोणत्या रजिस्टरात चढणार?" इथे बहुतेक सगळ्या गप्प होतात. फी किती, एसटी किती वाजता, गणवेश कोणत्या रंगाचा हे सारं विचारून झालेलं असतं. हे मात्र राहून जातं.

राहून गेलं की काय होतं ते सांगते. आमच्याच गल्लीतली एक पोर, नाव नको. बाप दोन एकर कोरडवाहूचा धनी. पोर बारावी कला शाखेतून पास झाली. तालुक्याच्या गावी, दुकानांच्या एका इमारतीत, वरच्या मजल्यावर नर्सिंगची पाटी लागली होती. एका वर्षात डिप्लोमा, वर नोकरीची हमी. बापाने सोयाबीन विकलं, ते पैसे घरी न आणता तिथेच भरले. वर्षभर तिने वह्या भरभरून उतरवून घेतलं, एका लहानशा दवाखान्यात सलाईन लावायला शिकली. शेवटी सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळालं. खासगी दवाखान्यात लागली. बारा-बारा तास उभं राहणं, आणि खोलीभाडं नि डबा वजा जाता हाती काही उरत नसे. तेही सोसलं तिने. मग आरोग्यसेविकांच्या भरतीची जाहिरात आली. हुरूपाने अर्ज भरायला बसली, तर त्यात एक रकाना, परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक. तो तिच्याकडे नव्हता. असणारच नव्हता, कारण त्या संस्थेला परिषदेची मान्यताच नव्हती.

ती माझ्याकडे आली. "काकू, तुमी पाहा ना, यावर कुठं नंबर हाय का." चष्मा लावून मी तो कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. काय सांगणार होते तिला?

तेव्हा नीट समजून घ्या. 'नर्सिंग' हा एकच शब्द आपण वापरतो, पण त्यात वेगवेगळ्या वाटा आहेत. पहिली एएनएम. मी १९८४ साली गेले तेव्हा हा कोर्स दहावीनंतर दीड वर्षाचा होता. आता बारावी लागते आणि दोन वर्षं लागतात, त्यातले शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष कामाचे. उपकेंद्रातली सिस्टर ती हीच. पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र असा सरकारी हिशेब आहे. लसी, गरोदर बायांची तपासणी, बाळंतपणं, घरभेटी आणि नोंदींच्या वह्या. (वह्यांबद्दल बोलायला बसले तर हे पान पुरायचं नाही.)

दुसरी जीएनएम, म्हणजे तीन वर्षं. बारावीला चाळीस टक्के आणि इंग्रजी हवं. शास्त्र शाखा असली तर बरंच, पण कला शाखेच्या मुलीलाही दार बंद नाही. ही परीक्षा झाली की परिषदेत पूर्ण परिचारिका आणि सुईण म्हणून नोंद होते. तिसरी बी.एस्सी., चार वर्षांची, तिला मात्र भौतिक, रसायन नि जीवशास्त्र घेऊन बारावी लागते. आणि ज्या मुलीला रोग्याच्या उशाशी बसण्यापेक्षा सूक्ष्मदर्शकात डोळा घालायला आवडतं, तिच्यासाठी लॅबचा, म्हणजे डीएमएलटीचा रस्ता आहे. तिथली नोंद वेगळी, महाराष्ट्र परावैद्यक परिषदेची. २०२१ साली केंद्राने या साऱ्या परावैद्यक पेशांसाठी कायदा केला. त्यात पदविकेलासुद्धा निदान दोन वर्षं आणि दोन हजार तासांचं शिक्षण धरलं आहे. आता सांगा, सहा महिन्यांत तंत्रज्ञ करून देतो म्हणणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा?

"पण बाई, थोड्या वर्षांचं शिक्षण म्हणजे कमी प्रतीचंच ना?" असंही कुणी विचारतं. तसं मुळीच नाही. माझी एक भाचेसून अमेरिकेत असते. दोन्ही मुलं शाळेत जायला लागल्यावर तिने घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांची नर्सिंगची पदवी घेतली. असोसिएट डिग्री म्हणतात तिला, आपल्या बी.ए.-बी.एस्सी.पेक्षा छोटी. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे परिचारिकांची फार टंचाई होती. तेव्हा मिल्ड्रेड माँटॅग नावाच्या बाईंनी दोन वर्षांच्या शिक्षणाची योजना मांडली आणि १९५२ साली ती काही कॉलेजांत करून पाहिली गेली. तीच पुढे देशभर पसरली. मला यातली आवडलेली गोष्ट अशी की परवान्याची परीक्षा सगळ्यांना एकच. दोन वर्षंवाली असो की चार वर्षंवाली, पेपर तोच. पुढे हवं तर नोकरी करता करता मोठी पदवी घ्यावी.

आपल्याकडे परीक्षा एक नाही, हा फरक मोठा आहे. पण शिडी आपल्याकडेही आहे. एएनएम झालेली मुलगी जीएनएमला जाऊ शकते. जीएनएम झालेलीला दोन वर्षांत बी.एस्सी. करता येते. मात्र पहिली पायरी नोंदणीची हवी. ती पोकळ असली की वरच्या सगळ्या पायऱ्या गेल्या.

आणि माणसं तर लागणारच आहेत. २०१८ साली केंद्राने मागे पडलेल्या जिल्ह्यांची यादी केली, त्यात गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबादबरोबर आपलं वाशीमही होतं. २०२४ साली वाशीमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, शंभर जागांचं. गावोगाव पेढे वाटावेत अशी गोष्ट. पण डॉक्टर शंभर शिकणार म्हटल्यावर त्यांच्या आगेमागे सिस्टर किती, लॅबवाल्या किती, हा हिशेब तुम्हीच करा.

आता घरातली अडचण. गल्लीतल्या त्या पोरीला मी जीएनएमचं सुचवलं तेव्हा तिचा बाप डोक्याला हात लावून बसला. "दोन साल त गेले, आता अजून तीन? लगन कधी करू मंग?" आजी त्याच्याही वर. रात्रपाळी करणारी सून कोण करून घेईल, म्हणे. मी म्हटलं, आत्याबाई, तुमच्या सुनेच्या दोन्ही बाळंतपणांना मी रात्रीच आले होते, तेव्हा तुम्ही मला दुधाचा चहा दिलात, 'तुझं लग्न कसं झालं' असं नाही विचारलंत. आजी गप्प बसल्या, पण पटलं असं म्हणवत नाही. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढलं आणि बायकांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवायला सुरुवात केली, तेव्हा घरोघरी हीच कुजबुज होती. शंभरावर वर्षं झाली, कुजबुज काही संपली नाही.

पोर मात्र गेली. आता दुसऱ्या वर्षाला आहे. बापाने यंदा तूर विकली.

तुमच्या घरी हा प्रश्न आला तर प्रवेशाआधी महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं नाव आहे का ते बघा. गावातला कुणीही शिकता मुलगा मोबाइलवर दाखवेल. त्याच वर्षाची मान्यता आहे का तेही बघा. मुली प्रत्यक्ष कामाला कोणत्या रुग्णालयात जातात ते विचारा आणि एकदा तिथे जाऊन या. खाटा आहेत पण रोगी नाहीत, असं दिसलं तर तसंच परत फिरा. पावती घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका, आणि मूळ गुणपत्रिका संस्थेत ठेवायला सांगितली तर का, किती दिवस, हे लेखी मागा.

वसतिगृह बघायला बापाला एकट्याला पाठवू नका. तो फाटक आणि पहारेकरी पाहून येतो. आईनेच जावं, वरच्या मजल्यापर्यंत चढावं, संडासाच्या कड्या लावून पाहाव्यात, रात्रपाळीहून येणाऱ्या मुलींना जेवण झाकून ठेवतात का ते तिथल्याच एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचारावं, आणि उन्हाळ्यात नळाला पाणी किती दिवसांआड येतं तेही.