हेतू कोणाकोणाचा तपासायचा?

चि. अनूस,


तुझं पत्र सावकाश वाचलं. इराकवरचा २००३ चा हल्ला तेलासाठी होता, म्हणून हुकूमशहाला हटवायला निघालेलं कुठलंही परकं सैन्य लुटारूच, असं तू लिहितेस. इराकबद्दल मी तुझ्याशी भांडणार नाही. बगदाद पडल्यावर अमेरिकी सैनिकांनी तेल मंत्रालयावर पहारा बसवला आणि राष्ट्रीय संग्रहालय लुटलं जात राहिलं. हलब्जात १९८८ साली विषारी वायूने हजारो कुर्द मारणाऱ्या सद्दामला तेव्हा वॉशिंग्टननेच पाठीशी घातलं होतं, हेही खरं. पण त्यावरून तू जो सरसकट नियम काढतेस, तो मला मान्य नाही.

कंबोडियाचं बघ. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांनी राजधानी नॉम पेन्ह घेतली आणि अख्खं शहर रिकामं केलं. इस्पितळातल्या रुग्णांनाही रस्त्यावर काढलं. पैसा रद्द, बाजार बंद, शाळा बंद. घरंदारं मोडून माणसं शेतावर जुंपली. तुओल स्लेंग ही मूळची शाळा. तिच्या वर्गांत कोठड्या बांधल्या. आत हजारो गेले, जगले ते अगदी मोजके. पावणेचार वर्षांत उपासमार, रोग, ढोरमेहनत आणि कत्तल यांत सुमारे १७ लाख माणसं गेली, आणि देशाची लोकसंख्या होती ८० लाखांच्या आत. त्या काळात सीमा ओलांडून थायलंडला पोचलेले निर्वासित हे सगळं सांगत होते. जगाने ते ऐकलं, पण त्यांच्यासाठी कोणी गेलं नाही.

अखेर गेला तो व्हिएतनाम. २५ डिसेंबर १९७८ ला त्याचं सैन्य मोठ्या चढाईने आत शिरलं आणि ७ जानेवारी १९७९ ला नॉम पेन्ह पडलं. हेतू विचारशील तर करुणेचा त्यात मागमूस नव्हता. ख्मेर रूजला सुरुवातीला बळ देणाऱ्यांत व्हिएतनामी कम्युनिस्टच होते, आणि शेजारी माणसं मरत असताना १९७७ सरेपर्यंत हनोईने जाहीर तक्रार केली नाही. ठिणगी पडली सीमेवर. एप्रिल १९७८ मध्ये बा चुक या गावात ख्मेर रूजने तीन हजारांहून अधिक व्हिएतनामी गावकरी मारले. ख्मेर रूजचा नेता पोल पॉट याच्या पाठीशी चीन होता. व्हिएतनामने नोव्हेंबरात सोव्हिएत संघाशी करार करून आपली पाठ राखली आणि मग पाऊल टाकलं. माणसं वाचवायला आलो, असा मुख्य दावा त्यांनी स्वतःसुद्धा केला नाही.

आणि तरीही त्या जानेवारीत कत्तल थांबली. शेतांवर डांबलेली माणसं आपापल्या गावांकडे चालू लागली, वाटेत हरवलेल्या मुलांची, नवऱ्यांची, आयांची चौकशी करत. अनू, त्यातल्या एखाद्या बाईला रस्त्यात अडवून, तुला सोडवणाऱ्याचा हेतू शुद्ध नव्हता, असं सांगशील का? मला ते जमणार नाही.

याचा अर्थ व्हिएतनामला माफी, असा नाही. सैन्य १९८९ पर्यंत, दहा वर्षांहून अधिक काळ, ठाण मांडून बसलं. सीमेवर अडथळे उभारायला कंबोडियन शेतकऱ्यांना वेठीला धरलं. त्यात मलेरियाने आणि सुरुंगांनी किती जीव गेले! त्यांनी बसवलेल्या सरकारातून वर आलेला हुन सेन, पूर्वी स्वतः ख्मेर रूजचाच माणूस, १९८५ पासून २०२३ पर्यंत पंतप्रधान राहिला आणि मग खुर्ची मुलाला दिली. हेतू तपासायचा तो यासाठी. येणारा काय राखेल, कोणाला बसवेल आणि कधी जाईल, ते त्यावरून आधी ओळखता येतं. सुटका झालेल्याची सुटका मात्र त्याने खोटी ठरत नाही.

तुझ्या पत्रात एक बाजू पूर्ण सुटली आहे, आणि मला सगळ्यात जास्त संताप तिचाच येतो. व्हिएतनामला शिक्षा म्हणून चीनने फेब्रुवारी १९७९ मध्ये त्याच्यावर स्वारी केली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत कंबोडियाची जागा कोणाची, यावर मतदान झालं. ती पोल पॉटच्या राजवटीकडेच ठेवावी, या बाजूने ७१ देश, विरोधात ३५. अमेरिका आणि ब्रिटन त्या ७१ मध्ये होते. सार्वभौमत्वाचं तत्त्व सगळ्यांच्या तोंडी होतं. खरं कारण, सोव्हिएत गोटाचं पारडं जड होऊ द्यायचं नव्हतं. तुओल स्लेंगमधली प्रेतं सापडून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. भारताने १९८० साली नव्या सरकारला मान्यता दिली, ते मला योग्यच वाटतं. पण त्यामागे मॉस्को आणि हनोईशी असलेली आपली जवळीक होती, हेही लपवू नकोस.

पोल पॉट १९९८ साली थायलंडच्या सीमेजवळच्या जंगलात मेला. आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर तो कधी उभाच राहिला नाही. त्याच्या दोन वरिष्ठ साथीदारांवर वंशसंहाराचा गुन्हा सिद्ध व्हायला २०१८ उजाडलं.

वादसभेत तू हस्तक्षेपाच्या विरोधात बोलणार आहेस. खुशाल बोल, तुझी बाजू दुबळी नाही. फक्त जो सैन्य घेऊन आत शिरला त्याचा हेतू जितक्या कठोरपणे तपासशील, तितक्याच कठोरपणे 'जाऊ नका' म्हणणाऱ्यांचाही तपास, आणि त्या ७१ मतांचा जाब सभेत माग.

तुझी,
मावशी