घुमाऱ्याचा भागाकार

आमच्या भागात लग्न असो की गणपती, माइकसमोर उभा राहणारा माणूस आधी दोनदा 'हॅलो' म्हणतो आणि मग स्पीकरवाल्याकडे वळून सांगतो, "जरा एको वाढीव की रे." हा स्पीकरवाला पुष्कळदा माझा भाचाच असतो. शहापुरात त्याचं मांडव-स्पीकरचं दुकान आहे आणि दुकानाच्या माळ्यावर रेकॉर्डिंगची एक खोली. त्याच्या मते लोक ज्याला एको म्हणतात तो एको नव्हेच. विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवली की ती सुटी सुटी, मोजता येईल अशी परत येते, तो एको. देवळात, विहिरीत, सामान हलवलेल्या रिकाम्या घरात आवाजामागे जी न मोजता येणारी शेपटी रेंगाळते, तो रिव्हर्ब. मी त्याला घुमारा म्हणतो. मी जन्मभर मराठी शाळेत गणित शिकवलं, शब्दांतलं मला फारसं कळत नाही. पण घुमारा हा शब्द नुसता उच्चारला तरी घुमतो.

हे सारं मला शिकावं लागलं ते आमच्या आत्तीमुळे.

आत्ती ऐन तारुण्यात माहेरी परत आली ती खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरातच राहिली. जात्यावरच्या ओव्या तिच्या आईकडून आलेल्या, अभंग भजनातले, आणि शेजारच्या कानडी अव्वाकडून शिकलेली दासरपदं. रवळनाथाच्या जुन्या देवळात ती गायला बसली की माणसं दारातच थबकायची. २००८ साली, तिच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, भाच्यानं तिची पाच गाणी रेकॉर्ड केली. देवळात जमेना, एसटीचे हॉर्न, कोंबडे, पोरं. मग माजघराच्या भिंतींवर गोधड्या टांगून रेकॉर्डिंग झालं. कानाला हेडफोन लावून आत्तीनं ऐकलं आणि काढून ठेवला. "ह्यो माझा आवाज न्हवं," म्हणाली. "मी काय कणगीत बसून गातोय व्हय?"

भाचा हसला नाही. "बरोबर हाय मामा," मला म्हणाला, "आत्तीआजीनं स्वतःला कायम देवळातच ऐकलंय."

दुसऱ्या दिवशी पुजाऱ्यांना विचारून त्यानं देवळाच्या सभामंडपात जत्रेतले चार मोठे फुगे फोडले. पारवे उडाले, पुजारीही दचकले. फुगा फुटणं म्हणजे आवाजाचा एकच क्षण. त्या क्षणाची देवळाच्या दगडांनी आणि घुमटानं दोन-सव्वादोन सेकंदांची शेपटी कशी केली, ते त्यानं टिपून घेतलं. पुढचं काम कॉम्प्युटरचं. सेकंदभर गाण्याचे ४४,१०० तुकडे. प्रत्येक तुकडा म्हणजे एक बारीकसा फुगा समजायचा, त्याच्या जोराच्या प्रमाणात त्याला तीच शेपटी लावायची आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. इस्तंबूलच्या हागिया सोफियात, ते संग्रहालय असताना, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी असेच फुगे फोडले होते. तिथली शेपटी सुमारे ११ सेकंदांची. त्या घुमाऱ्यात गायलेल्या प्राचीन स्तोत्रांची ध्वनिमुद्रिका २०१९ साली निघाली. आमचं देऊळ त्यामानानं खेळण्यातलं.

हा घुमारा आवाजाच्या ट्रॅकवर थेट चढवायचा नसतो, हे मला माळ्यावर बसूनच कळलं. आवाज आपल्या ट्रॅकवर कोरडाच ठेवायचा. त्याची एक फांदी काढून दुसऱ्या ट्रॅककडे धाडायची, त्या वाटेला हे लोक 'बस' म्हणतात, आणि त्या दुसऱ्या ट्रॅकवर नुसता घुमारा, मूळ आवाजाचा थेंबही नाही. तो परत येऊन मिसळतो म्हणून त्याचं नाव 'रिटर्न'. नाव जुन्या काळचं आहे. १९४७ साली शिकागोत बिल पटनम यांनी हार्मोनिकॅट्स या माउथऑर्गन वाजवणाऱ्या तिघांच्या रेकॉर्डसाठी स्नानगृहाचाच घुमाऱ्याची खोली म्हणून उपयोग केला. अशा खोलीत आत स्पीकर, आत माइक; एका तारेनं आवाज जायचा, दुसरीनं परत यायचा. आता खोली नाही, तार नाही, जाणं-येणं तेवढं राहिलं.

मुद्दा असा की रिटर्न हा ट्रॅक दिसतो, पण त्यावर काहीच लिहिलेलं नसतं. गाणं वाजेल तेव्हा कॉम्प्युटर तो घुमारा तिथल्या तिथे शिजवतो आणि वाढतो. बंद केलं की काही नाही. कायमचा हवा तर त्या रिटर्नचंच रेकॉर्डिंग करावं लागतं: रिटर्न दुसऱ्या एका बसवरून नव्या ट्रॅकच्या तोंडाशी नेऊन सोडायचा आणि तिथे उतरवून घ्यायचा. आता रीपरसारख्या प्रोग्रॅममध्ये ट्रॅकलाच सांगता येतं की येणारं नको, बाहेर पडणारं रेकॉर्ड कर. भाच्यानं हे पाचातल्या एकाच गाण्यात केलं, तेही नाइलाजानं. एका दासरपदाला टाळ-मृदंगाचे बरेच ट्रॅक होते, घुमाऱ्याच्या हिशेबानं त्याचा जुना कॉम्प्युटर अडखळायला लागला. म्हणून त्यानं आत्तीच्या आवाजाचा घुमारा एकदाचा उतरवून घेतला. पहिल्या खेपेला नव्या ट्रॅकची फांदी चुकून रिटर्नकडेच वळली आणि अशी काही शिट्टी उठली की खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर आलं. दुसऱ्या खेपेला मूळ रिटर्न बंद करायचा राहिला, घुमारा दुप्पट झाला. तिसऱ्या खेपेला जमलं.

बाकीची चार गाणी राहिली तशीच. सीडी 'पुढच्या महिन्यात' काढायची होती. २०११ साली आत्ती गेली. २०१४ साली देवळाचा जीर्णोद्धार झाला. छान झालंय, गुळगुळीत फरशी आहे, स्लॅब आहे, माणसं जास्त बसतात. २०१९ साली भाच्याचा कॉम्प्युटर बसला. हार्ड डिस्कवरची गाणी वाचली, पण नव्या मशीनवर उघडली तेव्हा घुमाऱ्याचा तो प्लगइन उघडेना. फुग्यांची फाइल गाण्यांच्या फोल्डरमध्ये नव्हतीच. प्लगइनला फक्त तिचा पत्ता माहीत होता आणि त्या पत्त्यावर आता कोणी राहत नव्हतं. चार गाण्यांत आत्ती पुन्हा कणगीत जाऊन बसली.

भाच्यानं तयार घुमारे लावून पाहिले. युरोपातलं एक चर्च, कुठलासा मोठा हॉल. सुरेख लागत होते. मी नको म्हटलं. तो थोडा वैतागला, आणि त्याचंही चुकलं नाही.

मग त्यानं ते पाचवं गाणं उघडलं. आत्तीचा ट्रॅक बंद, टाळ-मृदंग बंद, फक्त उतरवलेला घुमारा चालू. कानडी शब्द नीट लागत नव्हते. आत्ती नव्हतीच त्यात. ती गाऊन गेल्यावर देऊळ जे बोललं असतं तेवढंच होतं. आम्ही दोघं काही बोललो नाही. तो उठून चहा सांगून आला.

त्या रात्री मला झोप लागली नाही आणि अंथरुणातच मास्तरकी जागी झाली. एका गाण्यात कोरडा आवाज आहे, घुमाराही आहे. आवाज सुरासुरांत सोडवला की मघाची ती बेरीज साध्या गुणाकारासारखी होते: त्या सुरात जे गेलं, गुणिले देवळानं त्याचं जे केलं, बरोबर जे परत आलं. उत्तर आणि एक संख्या ठाऊक असेल तर दुसरी भागाकारानं मिळते, हे सातवीच्या पोरालाही येतं. सकाळी भाच्याला सांगितलं. "असतंय मामा तसं," तो म्हणाला, "डीकन्व्होल्यूशन म्हणतात." आणि कपाळावर हात मारला. नशिबानं त्या गाण्यात आत्तीच्या आवाजाची पट्टी त्यानं कुठे वरखाली केली नव्हती, नाहीतर हिशेब बिघडला असता.

तीन-चार रविवार गेले. भागाकार झाला, पण पुरा नाही. जिथे छेद शून्य तिथे भागाकार नाही, हे मी उभी हयात फळ्यावर लिहिलं. आत्तीच्या गळ्यात जे सूर नव्हतेच, तिथे नुसती खरखर आली. ती त्यानं कापून टाकली. खर्जातलं देऊळ मिळालं नाही, अगदी वरचंही नाही. मधलं मिळालं.

ते त्यानं ओव्यांना लावलं. कानडी पदातून काढलेला घुमारा, मराठी ओव्या. मी डोळे मिटून ऐकलं आणि दारापाशी चपला काढल्याचा भास झाला. दोन्ही अभंग आणि दुसरं पदही त्याच देवळात नेऊन बसवलं. नवा घुमारा मात्र चारही गाण्यांत त्यानं आधी वेगळ्या ट्रॅकवर उतरवून घेतला, मगच चहा प्यायला.

एका अभंगाला साथीचा पखवाज होता. तोही त्याच रिटर्नकडे धाडून पाहिला. वरची थाप घुमली, धुमेचा खर्ज मात्र गोधडीवर पडल्यासारखा तिथेच बसला. पखवाज कोरडाच ठेवलाय.