मरुभूमीची पायवाट : जैसलमेर ते लोद्रवा आणि पुढे

जैसलमेरला जाणारे बहुतेक यात्रेकरू दुर्गातील जिनमंदिरांचे दर्शन घेतात, पटवांच्या हवेल्या पाहतात आणि सायंकाळी मोटारीने समच्या वाळूच्या टेकड्यांवर जाऊन सूर्यास्तानंतर परततात. यात्रा पूर्ण होते; मरुभूमी मात्र पाहायची राहून जाते. तिची ओळख पायी चालणाऱ्यालाच होते.

पहिल्या दिवसासाठी लोद्रव्याची वाट उत्तम. अंतर सुमारे १६ किलोमीटर. रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर नवा दुर्ग उभारला, त्यापूर्वी भाटी राजांची राजधानी लोद्रवा येथे होती. वाटेत अमरसागर लागते. तेथील तलावाकाठी बाफना घराण्याने १९ व्या शतकात बांधलेले आदीश्वराचे मंदिर आहे. पुढे लोद्रव्याला १७ व्या शतकात शेठ थारूशाह यांनी जीर्णोद्धार केलेले पार्श्वनाथाचे मंदिर व त्यासमोरील कोरीव तोरण दिसते, तेव्हा दिवसभराच्या चालीचा शीण उतरतो.

या वाटेवर वाळू फारशी नाहीच, याचे नवख्याला आश्चर्य वाटते. पायाखाली पिवळा दगड, खडे आणि कठीण माती असते. मध्येच पानांवाचून उभी केराची झुडपे दिसतात, तर कोठे एकटी खेजडी, म्हणजे आपली शमी. तिच्याच कोवळ्या शेंगांना सांगरी म्हणतात. ज्या घरांत सणावाराला केर-सांगरीची भाजी शिजते, त्या घरांतील मुलांनी हे झाड एकदा तरी हात लावून पाहावे.

जैसलमेरला वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. तरीही येथे गावे वसली, ती पाण्याच्या हिशेबावर. नैऋत्येस सुमारे १८ किलोमीटरवर कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचे ओस पडलेले गाव आहे. ते का ओस पडले याविषयी दंतकथा पुष्कळ ऐकवल्या जातात. त्यांपेक्षा पालीवालांचे ‘खडीन’ पाहणे अधिक मोलाचे. खडकाळ उतारावरून वाहणारे पावसाचे पाणी सखल भागात मातीचा लांब बांध घालून अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा पिकवायचा, अशी ही पद्धत. आजही अनेक खडिनांत पीक उभे असते. जेथे भूगर्भातील पाणी खारे आहे, तेथे खडियाच्या थरावर अडून राहिलेली गोडी ओल अरुंद कुईत थेंबाथेंबाने जमवली जाते.

हवेल्यांचे वैभवही याच काटकसरीवर उभे राहिले. सिंधकडे जाणारे उंटांचे तांडे येथे थांबत. पाणी असे तेथे मुक्काम आणि मुक्काम असे तेथे पेढी. पुढे मुंबई बंदराच्या उदयाने हा मार्ग ओसरला आणि १९४७ च्या फाळणीने तो बंदच झाला.

वाळूच्या टेकड्या चढायच्या असतील तर सम वा खुहडी गाठावे. वाऱ्याच्या बाजूचा उतार मंद व घट्ट असतो, तेथून चढावे. पलीकडचा उभा उतार पायाखालून घसरतो. चालण्याचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहाटे निघावे, दुपारी सावलीत थांबावे. माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी बाळगावे व स्थानिक वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नये. सीमेलगतच्या भागात परवान्यावाचून जाता येत नाही. अंधार पडल्यावर फुरसे बाहेर पडते, म्हणून सूर्यास्तापूर्वीच मुक्काम गाठावा. चौविहार पाळणाऱ्यांना हा क्रम सहज मानवतो. रात्री थंडी कडाक्याची पडते, तेव्हा लोकरीचे कपडे हवेतच.

पायी चालणाऱ्याच्या सावधगिरीला येथे आणखी एक कारण आहे. सम व खुहडीच्या परिसरात ३,१६२ चौरस किलोमीटरचे मरुभूमी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. त्याचा सुमारे पाचवा हिस्साच वाळूच्या टेकड्यांचा. उरलेल्या भागात खडकाळ माळ आणि सेवण गवत आहे. हे गवताळ माळ माळढोकाचे घर आहे. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात. हा पक्षी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालतो. वाट सोडून धावणारी एक जीप एका जोडीचा संपूर्ण हंगाम संपवू शकते. सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. तेथे आता तो क्वचितच दिसतो. देशात उरलेले माळढोक दीडशेच्या आसपास, आणि त्यांतील बहुतेक याच मरुभूमीत आहेत.

जड शरीराच्या या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही; उडताना तो विजेच्या तारांवर आदळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञ समिती नेमली. सूर्य आणि वारा यांपासूनची वीजही देशाला हवीच आहे, म्हणून हा तिढा सोपा नाही. परंतु कागदावर ‘पडीक’ अशी नोंद झालेली जमीन रिकामी असते, हा समज मात्र दोन दिवस पायी चाललेल्या माणसापाशी टिकत नाही. त्याने तेथे खेजडी पाहिलेली असते, खडीन पाहिलेला असतो, आणि दैव बलवत्तर असेल तर गवतातून मान उंचावून पाहणारा गोडावणही.

येत्या हिवाळ्यात लोद्रव्याची यात्रा ठरवणाऱ्या कुटुंबांनी एक दिवस वाढवावा, मोटार अमरसागरपाशी सोडावी आणि पुढची वाट मुलांसह पायी चालावी.