आमची खिजाँ

उर्दूच्या तासाला ‘खिजाँ’ शब्द आला की माझी पंचाईत होते. मराठीत कुणी ‘शरद’ सांगतं, कुणी ‘पानगळ’. मुलं खिडकीबाहेर बघतात आणि विचारतात, “टीचर, पानं कुठं गळतायत?” खरंच आहे. ऑक्टोबरात आमच्या सातारा भागात झाडं पावसानं धुतलेली, हिरवीगार. भात पिवळा पडत आलेला, बांधावर झेंडू. पानं गळतात ती माघ-फाल्गुनात. फारसीतून आलेली ही खिजाँ थंड मुलखातली, तिला इथलं ऊन ठाऊक नाही.

घरात मात्र पानगळ असते ती याच दिवसांत. माझे शोहर महाबळेश्वरच्या एका हॉटेलात आचारी आहेत. दिवाळी, नाताळ, एप्रिल-मे हा त्यांचा हंगाम, पावसाळ्यात घरीच. मी बीएड होऊनही तासिका तत्त्वावर. सत्र परीक्षा लागल्या की तास बंद, तास बंद की मानधन बंद. दिवाळीआधीचे आठ-दहा दिवस दोघंही रिकामे.

आणि आम्ही फिरायला निघतो! खाला दरवर्षी म्हणते, “काम नहीं, तो घूमना कायका?” काम असतं तेव्हा जाणार कधी, खाला? लोकांची सुट्टी तीच आमची धावपळ. ईद हंगामात आली तर शिरखुर्मासुद्धा हे हॉटेलातून रात्री परतल्यावरच खातात.

यंदा हर्णै ठरलंय. आंबेनळी घाटानं पोलादपूर, पुढं खेड, दापोली. मार्च 2023पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे हिशेब जरा हलका झाला. ह्यांचं तिकीट पुरं, त्यावरून घरात चेष्टा चालते. मेमध्ये विचारूही नये असं भाडं सांगणारा लॉजवाला आता फोनवर स्वतःच कमी करतो. गर्दी नाही, घाई नाही. ऑगस्टपासून होड्या पुन्हा समुद्रात गेलेल्या असतात, त्यामुळे बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव बघायचा, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. ह्यांना मात्र ओढ वेगळीच: दुसऱ्यानं रांधलेलं, बसून खायचं. पहिल्याच घासाला “मीठ कमी आहे” म्हणतील, आणि ताट पुसून खातील.

पेपर तपासायला पिशवीत घेतलेत. मालकाचा फोन वसुबारसेच्या आधी येतो. त्याआधी परतायचं आहे.